कणकेची मोटर आणि जेद्दाची बस

विषारी वायू आला म्हणून आमच्या सगळ्या कॅम्पनं एकदा तोंडावर मास्क चढवले होते, आणि तो वायू निघाला कणीक मळायच्या मशीनमधून. आता सांगताना हसू येतं. तेव्हा हसायची सोय नव्हती, कारण मास्कमध्ये हसलं की काचेवर वाफ धरते आणि पुढचं काही दिसत नाही.

सौदी अरेबियातल्या जुबैलची गोष्ट. शेजारच्या कुवेतवर इराकचं सैन्य येऊन बसलं होतं. आमच्या बंदरावर रोज नवी जहाजं लागत होती, रणगाडे उतरत होते, भाजी आणायला गेलं तरी रस्त्यात परदेशी शिपाई दिसायचे. मग जानेवारीत लढाईला खरंच तोंड फुटलं. भोंगा वाजला की प्रत्येकानं घरातल्या एका खोलीत शिरायचं, दाराच्या फटीला ओला टॉवेल लावायचा आणि मास्क चढवून बसायचं. खिडक्यांना तर आम्ही आधीच चिकटपट्ट्या लावून टाकल्या होत्या. घरात वारा म्हणून नाही. कांदा चिरला की त्याचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत पाहुण्यासारखा मुक्कामाला.

आमचे हे तिथल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअर. लग्नानंतरची कितीतरी वर्षं हे इकडे आणि मी नाशिकला सासूबाईंजवळ, अशी काढलेली. वर्षातून एकदा हे यायचे आणि स्वतःच्याच घरात मला विचारायचे, "अगं, टॉवेल कुठे असतो?" मग एकदाचा माझा इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, झाला आणि मी जुबैलला आले. तिथे कंपनीच्या कॅम्पमधल्या दोन खोल्यांत माझा संसार सुरू झाला असं म्हटलं तरी चालेल. नवरा रोज संध्याकाळी घरी येतो, चपला नीट ठेवत नाही, मग आपण त्याला बोलतो, ह्यात इतर बायकांना काही विशेष वाटत नाही. मला वाटायचं. चपला उचलतानासुद्धा वाटायचं.

आणि नेमकी लढाई आली. कंपनीनं सांगितलं, ज्यांना बायकामुलं परत पाठवायची त्यांनी पाठवा. आमच्या बाजूचे विमानतळ बंद, म्हणून दर शुक्रवारी जेद्दाला बस जायची आणि तिथून विमान. आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुझं नाव देऊ का?" मी म्हटलं, "द्या की. नाव बसेल बसमध्ये, मी बसणार नाही." मूलबाळ आम्हाला तेव्हा नव्हतं, सासूबाई खंबीर. मी जायचं ते कशासाठी?

पण नुसतं राहते म्हणून कोण राहू देणार? वाट सापडली ती मेसमुळे. लढाई लागताच मेसचे खानसामे सुट्टी टाकून पसार झाले होते. इकडे कारखाना तर बंद ठेवता येत नाही, माणसं दुप्पट पाळ्या करत होती आणि सुकी बिस्किटं चहात बुडवून खात होती. आमच्या शेजारी दापोलीकडची एक बाई राहायची, तिला सगळे आपा म्हणायचे. नवरा क्रेनवर फोरमन. ती आम्हा राहिलेल्या सहा-सात बायकांना घेऊन सरळ कॅम्पच्या मुदीरकडे गेली. मुदीर म्हणजे मॅनेजर. हा मुदीर जॉर्डनचा, मनानं चांगला, पण जन्मजात घाबरट. हिंदी तो कामगारांकडून शिकलेला.

आपा म्हणाली, "मेस आम्ही चालवतो. आम्हाला बसमध्ये घालू नका."

मुदीरनं बराच वेळ कपाळ चोळलं. मग अटी सांगितल्या. मतबखमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरात, मदाम लोक असताना एकही पुरुष आत येणार नाही. जेवण भिंतीतल्या खिडकीतून बाहेर द्यायचं. पुरुषांना आत काही काम असेल तर ते बायका घरी गेल्यावर. "एक मुश्किल हुआ, मतबख खलास. मदाम सब बस में. यल्ला, चलो." बायका-पुरुष एका स्वयंपाकघरात काम करताना कोणी पाहिलं असतं तर त्या बिचाऱ्याचाच इकामा गेला असता, त्यामुळे ह्या अटीवर तो दगडासारखा घट्ट.

तर त्या मतबखमध्ये ते मशीन होतं. आपल्याकडे वाड्यातल्या लग्नात पाणी तापवायचा बंब असतो तेवढं त्याचं भांडं, त्यात गोल फिरणारा जाड आकडा, मागच्या बाजूला जाळीची टोपी घातलेली मोटर आणि भिंतीवर एक करडा डबा. डब्यावर गोल बटण. ते फिरवलं की आकडा हळू नाहीतर जोरात फिरायचा. ह्यांच्या भाषेत तो डबा म्हणजे ड्राइव्ह. कारखान्यात असले बरेच ड्राइव्ह ह्यांच्या ताब्यात होते आणि ह्यांचा त्यांच्यावर फार जीव. "तो विजेचीच चाल कमीजास्त करतो, आणि मोटर त्या चालीनं चालते," असं ह्यांनी मला एकदा जेवताना समजावलं होतं. मी आमटी वाढत होते. लक्षात एवढंच राहिलं की डावीकडे हळू, उजवीकडे जोरात.

आधीचे खानसामे त्यात खमीर घातलेलं पातळसर पीठ भिजवायचे, पावासाठी. आम्ही मळायला घेतली चपात्यांची घट्ट कणीक. पहिल्या दिवशी बटण मध्यावर होतं. आकडा असा काही फिरला की अर्धं पीठ पुण्याच्या वहिनींच्या डोक्यावर. ह्या वहिनी आमच्यातल्या शिकलेल्या, बी.एस्सी. झालेल्या. त्या डोकं झटकून म्हणाल्या, "हळू करा हो!" आपा म्हणाली, "कणीक का कुणाशी शर्यत लावत्येय? दमानं मळू दे." तेव्हापासून बटण अगदी डावीकडे गेलं ते तिथेच राहिलं. घाईनं मळलेल्या कणकेची चपाती वातड होते हे काय मला कोणी सांगायला हवं? आकडा म्हशीसारखा संथ फिरायचा, आम्ही घाण्यावर घाणा काढायचो, आणि कणीक निघायची लोण्यासारखी.

चौथ्या का पाचव्या दिवशी वास आला. गोडसर, घशाला लागणारा. आणि आम्हाला कोणीतरी सांगून ठेवलेलं की विषारी वायूला कधी कधी गोडसर वास असतो.

"गॅस!" वहिनी ओरडल्या.

मग काय विचारता! कोणी लाटणं टाकलं, कोणी पोळपाटासकट टेबलाखाली. आपानं मास्क उलटा चढवला आणि "माला काय दिसत नाय गो, मी मेले का?" म्हणून भिंतीला चाचपत फिरायला लागली. एकीनं खिडकीतून बाहेर ओरडा केला, पहारेकऱ्यानं हाताचा भोंगा फिरवला, आणि बघता बघता सगळा कॅम्प मास्क लावून बसला. आमचे हे त्या दिवशी पाळीवरून नुकते आलेले. ते मास्क लावून धावत खिडकीशी आले, थबकले, मास्क वर करून त्यांनी कुत्र्यासारखं दोनदा हुंगलं.

"अगं, हा गॅस नाही! मोटरच्या आतल्या तारांवरची लाख तापलीय. बंद करा ते मशीन!"

मुदीर आला तेव्हा त्याचा स्वतःचा मास्क गळ्यात लोंबत होता आणि चेहरा खडूसारखा. तो म्हणाला, पुन्हा असं झालं किंवा मोटर जळाली तर मतबखला कुलूप. येत्या शुक्रवारी सगळ्या मदाम बसमध्ये. आणि यादीत आमची नावं त्यानं तिथल्या तिथे घालूनही टाकली. मशीनशिवाय दोनशे माणसांची कणीक सहा-सात बायका हातानं किती दिवस मळणार? माझं जुबैलला राहणं आता त्या मोटरवर टांगलं होतं.

मला मात्र काळजी वाटली नाही. घरचाच डॉक्टर होता ना. मी ह्यांना म्हटलं, "तुमच्या हातखंड्याचं काम आहे."

"हातचा मळ," हे म्हणाले.

अटीप्रमाणे आम्ही घरी गेल्यावर हे आत गेले. मीटर लावून वीज मोजली. जाळी झटकली, आतलं पीठ काढलं. बेअरिंग पाहिलं. डब्याचं झाकण उघडून एक-एक वायर ओढून पाहिली. रिकामं मशीन पुऱ्या वेगावर तासभर चालवलं. घरी आले ते शीळ घालत. "काही झालेलं नाही तिला. हात लावला तर गार. पीठ अडकलं होतं, बाकी काही नाही."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या घाण्याला मोटर पुन्हा तापली. आपानं कणकेवर टाकायचा ओला फडका घेतला आणि तापाच्या माणसाला घालावा तसा मोटरवर घातला. त्या दिवशी संध्याकाळी हे घरी आले ते शीळ न घालता.

"जाळीवर ओला फडका कोणी घातला?"

"बिचारीला ताप होता हो."

"अगं, तिला वारा लागतो! नाक दाबून कोणाचा ताप उतरतो का?"

फडका गेला. मोटर तापतच राहिली. संध्याकाळी हे तपासायचे तेव्हा मात्र ती शहाण्या मुलीसारखी गार. ह्यांनी एक दिवस डब्यातली सेटिंगं बदलून पाहिली, दुसऱ्या दिवशी परत होती तशी केली. मग तिसरा उपाय निघाला. दिवसा, आम्ही काम करत असताना, हे बाहेर खिडकीशी उभे राहणार आणि मला विचारणार. खिडकी मांडीएवढ्या उंचीवर आणि मोटर कोपऱ्यात, त्यामुळे ह्यांना आमचे पायच तेवढे दिसायचे.

"हात लाव. किती तापलीय?"

"दूध उतू जायच्या जरा आधी असतं तेवढी."

"अगं, अंशांत सांग!"

"अंश मला काय ठाऊक? तव्याएवढी नाही. पण शेवटची भाकरी फुगवता येईल."

मागे जेवणाच्या रांगेत उभी असलेली माणसं हसायला लागली. ह्यांचे कान लाल झालेले मला न बघता कळले.

"बरं, आवाज कसा येतोय?"

"घोरल्यासारखा."

"कोणासारखा?"

"आता सगळ्यांसमोर कशाला सांगू?"

रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली. हे खिडकीचं फळकूट ढकलून निघून गेले.

बुधवार आला. आपा मला पीठ चाळता चाळता म्हणाली, "एक इचारू गो बाय? तुझा घरवाला कारखान्यातल्या हत्तीएवढ्या मोटरी चालवतो. ही कुत्र्याएवढी मोटर त्याला आवरत नाय? का आवरायची नाय त्याला?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे तू बसमध्ये बसलीस की त्याचा जीव भांड्यात. निवांत झोपेल तो."

मी ते हसण्यावारी नेलं. पण ते बोलणं माझ्या डोक्यात पिठातल्या खड्यासारखं राहिलं. घरी हे जेवायला बसले तेव्हा मी ह्यांचा चेहरा वाचत होते. हे भात कालवत होते आणि उगाच वर बघत नव्हते. नाव देऊ का असं ह्यांनीच तर पहिल्या दिवशी विचारलेलं. आमटीत मीठ जास्त झालं होतं, तरी हे काही बोलले नाहीत. हे तर फारच वाईट लक्षण.

गुरुवारी सकाळी मी मुदीरला खिडकीशी बोलावलं. म्हटलं, "मुदीर, दवाखान्यात डॉक्टर पेशंटला बघतो का नाही? मोटर तापते तेव्हा इंजिनिअर घरी, आणि इंजिनिअर येतो तेव्हा मोटर थंडी. ऐसा कैसा चलेगा? आज बाकी सगळ्या मदाम घरी जातील. मी एकटी कणीक मळीन आणि माझा नवरा बघेल. माझाच नवरा आहे, निकाह झालेला आहे."

निकाह म्हटलं ते त्याला समजावं म्हणून. त्यानं कपाळ चोळलं, आमचे दोघांचे इकामे हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले, मग म्हणाला, "दरवाजा खुला. मैं बाहर बैठेगा." आणि खुर्ची टाकून दारात पाठ करून बसला, एखाद्या बंगल्याच्या राखणदारासारखा.

हे आत आले. मी पीठ ओतलं, मीठ, तेल, पाणी घातलं, बटण पार डावीकडे फिरवलं आणि मशीन सुरू केलं.

हे आकड्याकडे बघत राहिले. "हे काय?"

"काय हे काय? कणीक."

"इतक्या हळू चालवता तुम्ही?"

"मग? कणीक आहे, धुणं नाही."

"रोज? सगळे घाणे?"

"रोज. सगळे."

"अगं, मग हे मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही आवाज विचारलात, ताप विचारलात. हे कुठे विचारलंत?"

हे मोटरच्या मागे गुडघ्यावर बसले, चिमूटभर पीठ घेतलं आणि जाळीसमोर हळूच सोडलं. पीठ सरळ खाली पडलं. हे ते बघत बसले. मग त्यांनी बटण एकदम उजवीकडे फिरवलं. मी "अहो, नको!" म्हणेपर्यंत कणकेचा गोळा आकड्यावर चढला, भांड्याच्या काठावर आपटला, आणि वरचं कोरडं पीठ ह्यांच्या तोंडावर. मिशा पांढऱ्या, भुवया पांढऱ्या. मी मशीन बंद केलं. दारातून मुदीरनं मागे न वळता विचारलं, "मुश्किल?"

"मुश्किल नहीं," हे म्हणाले आणि पिठाच्या पोत्यावर बसून असे हसायला लागले की मला वाटलं, पीठ डोक्यात गेलं.

मग सांगितलं. मोटरला गार ठेवणारा पंखा मोटरच्याच दांड्यावर बसवलेला असतो. मोटर जोरात, तर पंखा जोरात. आम्ही मोटर म्हशीच्या चालीनं चालवली, तर पंखाही म्हशीच्या चालीनं. वारा नाही. वर घट्ट कणीक, म्हणजे ओझं पुरेपूर. कष्ट तेवढेच आणि वारा बंद, मग तापणार नाही तर काय? आणि हे तपासायचे ते पुऱ्या वेगावर, रिकामं. बटण डावीकडे दिसायचं, पण ते आम्ही मशीन बंद करताना तसं ठेवतो असं ह्यांना वाटलेलं. कारखान्यात असले ड्राइव्ह ह्यांनी पंपांवर चालवले होते. तिथे वेग कमी केला की ओझंही हलकं होतं. कणीक मात्र पाण्यासारखी वागत नाही, हे ह्यांना आज कळलं.

"मग वेग वाढवायचा?" मी विचारलं.

ह्यांनी मिशीवरचं पीठ पुसलं. "नाही. वेग तुमचा बरोबर आहे. तिला वेगळा पंखा द्यायचा. डब्यातून नाही, सरळ भिंतीतल्या विजेवर. मग मोटर कितीही हळू फिरली तरी वारा पूर्ण. आपला टेबलफॅन कपाटावर पडलाय, तो मागे बांधला तरी भागेल. चटकन होईल."

"मग उठा की."

हे उठेनात.

"उद्या बस आहे," हे म्हणाले.

मी भांड्याच्या काठाला लागलेली कणीक काढत राहिले.

"मी मुदीरला म्हणू शकतो, अशी चालवली तर मोटर जळेल. खोटं नाही होणार ते. जळेलच."

"म्हणजे आपा म्हणत होती ते खरं? इतके दिवस मुद्दाम?"

"नाही गं. आईशपथ, सापडतच नव्हतं. सापडत नाही म्हणून लाज वाटत होती, आणि सापडत नाही म्हणून बरंही वाटत होतं."

इतक्या वर्षांत ह्यांनी मला एवढं सरळ कधी सांगितलं नव्हतं. पत्रांतून हवा कशी आहे, पगार झाला, प्रकृतीला जप, एवढंच यायचं. मी हात धुतले आणि ह्यांच्यासमोर उभी राहिले.

"तुम्ही इथे त्या बंद खोलीत एकटे, आणि मी नाशिकला रेडिओला कान लावून. तिथे मला इथल्यापेक्षा जास्त भीती वाटेल. ती मी आधी भरपूर सोसलीय, लढाई नसतानासुद्धा. आता मला इथली वाटू द्या."

ह्यांनी बाहीवरचं पीठ झटकायला घेतलं.

"आणि तुम्ही खाणार काय? चहासुद्धा करता येत नाही."

"चहा येतो मला."

"येतो. पण आजवर कोणी तो संपवलाय का?"

हे हसले. मग पोत्यावरून उठले, दारातल्या मुदीरला ओलांडून पांढऱ्या मिशांनीच कॅम्पमधून चालत गेले आणि टेबलफॅन घेऊन आले. वाटेत दोन माणसांनी विचारलं म्हणे, काय झालं? पंखा जाळीच्या मागे तारेनं घट्ट बांधला, वेगळी वायर ओढली. मला म्हणाले, "आधी हा लावायचा, मग मशीन. मशीन बंद केलं तरी हा थोडा वेळ चालू ठेवायचा. सगळ्या जणींना सांग."

आम्ही सहा घाणे काढले. मी प्रत्येक घाण्याला मोटरला हात लावून पाहिला.

"किती?" हे म्हणाले.

"तान्ह्याला पाजायला घेतलेल्या दुधाएवढी."

"कोमट," हे म्हणाले, आणि पहिल्यांदा अंश मागितले नाहीत.

मुदीरनं आत येऊन मोटरला हात लावला, मग कणकेला लावला, मग चुकून पंख्यालाच लावणार होता, तो ह्यांनी मागे ओढला. खिशातून यादी काढून त्यानं आमची नावं खोडली. जाताना मात्र त्यानं मला विचारलं की ह्या मळलेल्या कणकेचं आता काय होणार. मी त्याला थांबवून चार चपात्या लाटून दिल्या. उभ्यानंच खाल्ल्या त्यानं, तूप लावून.

शुक्रवारी सकाळी बस गेली. काही बायका दुसऱ्या कॅम्पमधून आलेल्या, खिडकीतून हात हलवत होत्या, दोघी-तिघी रडत होत्या. त्यांना हात हलवताना आपलं चुकलं की काय असं मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू? कोण शहाणं, ते काही त्या दिवशी ठरणार नव्हतं. मग आपा माझा पदर ओढून म्हणाली, "चल, तुझ्या बायकोवेड्या इंजिनिअरचा पंखा फिरतोय का बघू," आणि आम्ही कामाला लागलो.

दुपारी भोंगा वाजला, ह्या वेळी खरा. आम्ही दोघं घरीच होतो. दाराला टॉवेल लावला, मास्क चढवले आणि गादीवर समोरासमोर बसलो. हे मास्कमधून काहीतरी मोठमोठ्यानं बोलायला लागले, हातवारे करकरून. एक अक्षर कळेल तर शपथ. बहुतेक, गेली असतीस तर बरं झालं असतं, असंच काहीतरी असणार. मी जोरात मान डोलावली, हो हो केलं, आणि ह्यांच्या मास्कचा पट्टा सैल दिसत होता तो पुढे सरकून नीट आवळून दिला.